पाच लाभ धरून शंभर

रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजताना मोकल काका ‘एक’ म्हणत नसत. ‘लाभ’ म्हणत. खळ्यावर भात मापताना पहिल्या मापाला म्हणतात, तसं. लाभ, दोन, तीन, चार... सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, कुल्ल्याखालचं स्टूल करकर वाजवत, सगळ्या लॅबला ऐकू जाईल अशा आवाजात. आपण शेजारी बसून मोठ्या कष्टाने त्रेसष्टपर्यंत आलेले असायचो, आणि कानात काकांचं “लाभ!” शिरलं की आपले त्रेसष्ट गेलेच.

काचेवर रक्ताचा थेंब पसरायचा, तो रंगवायचा, आणि त्यातल्या शंभर पांढऱ्या पेशी मोजून कुठल्या जातीच्या किती ते लिहायचं, असा तो प्रकार असतो. जाती पाच. काका प्रत्येक जात नव्याने लाभापासून मोजत. सावंत मॅडमनी पहिल्या आठवड्यात विचारलं, “मोकल, टोटल शंभर आली का?”

“आली ना मॅडम. पाच लाभ धरून शंभर.”

मॅडमनी कपाळाला हात लावला. मी वहीत मान घालून हसले. त्या काळात मला लोकांना हसण्याखेरीज दुसरं काही येत नव्हतं.

आमची संस्था पेणमध्ये होती. संस्था म्हणजे एका इमारतीचा दुसरा मजला. बाहेर ‘हमखास नोकरी’ असा बोर्ड, आत दोन सूक्ष्मदर्शक, त्यातल्या एकाला मोतीबिंदू झालेला. खाली गणपतींचा कारखाना. पॅथॉलॉजी लॅबचा डिप्लोमा आम्ही तिथे करत होतो. बारावीला ज्यांचं मेडिकल हुकलं, ज्यांचं नर्सिंगही हुकलं आणि ज्यांच्या आईबापांना पोरगी घरी बसलेली बघवत नव्हती, अशा वीसएक जणांचा तो जमाव. मी रोह्याहून एसटीने येत असे आणि या सगळ्यांत आपणच काय त्या हुशार, चुकून इथे पडलोय, अशा थाटात पहिल्या बाकावर बसत असे.

माझ्या शेजारी मोकल काका. वय चौपन्न. खाडीकाठच्या गावचे. वडील मिठागरावर, आणि हे स्वतः डोलवीकडे एका कॉन्ट्रॅक्टरच्या स्टोअरमध्ये बावीस वर्षं नटबोल्ट सांभाळून मोकळे झालेले. कुठल्याशा जमान्यात बारावी सायन्स झाले होते, तेवढ्या भांडवलावर प्रवेश. आमच्या संस्थेत प्रवेश नाकारायची पद्धत नव्हती. इस्त्रीचा पांढरा एप्रन घालून, खिशाला तीन पेनं लावून ते साडेनऊला हजर. आम्ही त्यांना ‘काका’ म्हणायचो ते आदराने नव्हे. तसं म्हटलं की हसायला सोपं जायचं, म्हणून.

काकांचा खरा छळ म्हणजे त्यांचा प्रश्न. मॅडम काहीही शिकवोत, तास संपताना हात वर. “मॅडम, म्हंजे आपुन काय समजायचं?”

“काय काय समजायचं? हिमोग्लोबिन मोजायचं कसं, ते शिकवलं.”

“ते मोजलं. नऊ आलं. पन नऊ म्हंजे त्या बाईला काय झालंय? ती हिंडतेफिरते, भाकऱ्या थापते. मग आपुन काय समजायचं?”

“अर्थ डॉक्टर सांगतात, मोकल. आपण आकडा द्यायचा.”

“आकडा देऊन आपुन घरी जायाचं?”

“हो.”

काका तीन पेनांपैकी लाल पेन काढून काहीतरी लिहीत. मी एकदा डोकावून पाहिलं. लिहिलं होतं, ‘नऊ. भाकऱ्या थापते. इचारणे.’ असा माणूस परीक्षेत काय दिवे लावणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

हा माणूस इथे कशाला आलाय, यावर आमच्यात मतं होती. कोणी म्हणे, गावात लॅब टाकून बोर्ड लावणार. कोणी म्हणे, म्हातारचळ. एकीने तर पोरींच्यात बसायला मिळतं म्हणून, असंही म्हणून घेतलं. माझं मत मी त्यांना ऐकू जाईल असंच मांडलं, “घरी वेळ जात नसेल, दुसरं काय.”

काका वळून म्हणाले, “व्हय गो रोहेकरीन. येळ जात नाय.” आणि पुन्हा आपल्या काचेवर वाकले. टोमणा लागतच नाही अशा माणसाला टोमणा मारण्यासारखा वैताग नाही.

डब्याची गोष्ट तर सगळ्या पेणला माहीत झाली असेल. मे महिन्यात काकांनी सुकटीच्या चटणीचा डबा नमुन्यांच्या फ्रीजमध्ये ठेवला. मॅडमनी दार उघडलं आणि अशी किंकाळी फोडली की खालच्या कारखान्यातले कारागीर हातात रंगाचे ब्रश घेऊन वर आले. “लोकांचं रक्त आहे यात, रक्त!” मॅडम ओरडत होत्या. काका शांतपणे म्हणाले, “रक्ताला काय होतंय मॅडम, त्याला बूच हाय. चटनी नासली असती.” दिवसभर प्रत्येक नमुन्याला सुकटीचा वास येत होता. काकांनी मात्र तांदळाची भाकरी मोडून सगळ्यांना आग्रह केला. चार जणींनी खाल्ली. मी नाकाला रुमाल लावून खिडकीशी उभी राहिले. चांगली असणार, कारण पाचव्या मिनिटाला डबा रिकामा होता.

एकदाच काय ते काकांनी मला मनापासून हसवलं. खालून शाडूची आणि प्लास्टरची धूळ सारखी वर यायची आणि ओल्या काचांवर बसायची. एका काचेवर मॅडम बारीक ठिपके दाखवून म्हणाल्या, “या बघा प्लेटलेट्स. किती भरपूर आहेत.” काकांनी बराच वेळ डोळा लावला. मग हळूच म्हणाले, “मॅडम, ह्यो गनपती हाय.” मॅडमनी पुन्हा पाहिलं. गणपतीच होता.

सुई टोचायचा तास आला तेव्हा सगळ्यांची गाळण उडाली. एकमेकींना टोचायचं होतं. कोणी हात पुढे करेना. काकांनी बाही वर केली, हात बाकावर ठेवला आणि म्हणाले, “टोचा गो. ही शीर बघा, कंपनीची पायपलाइन हाय नुसती.” सगळ्यांनी त्याच हातावर शिकून घेतलं. माझी पाळी आली. पुस्तकातली पाच पायऱ्यांची कृती मला पाठ होती, स्वल्पविरामासकट. रबरी पट्टी बांधली, कापूस फिरवला, सुई धरली आणि पायपलाइन चुकली. पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा सुई आत फिरवली तेव्हा काकांच्या कपाळावर घाम आला.

“बाहेर काढ. दम खा,” ते हळूच म्हणाले. “आता हाताकडं बघू नको. बोटानं शीर चाचप. कुठं उड्या मारतेय?”

“इथे.”

“मग तिथंच जा. घाबरतेस कशाला, माझं रक्त, मी काय परत मागनार नाय.”

चौथ्या वेळी रक्त आलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा हात कोपराशी काळानिळा पडलेला. मॅडमनी विचारलं तर म्हणाले, दाराला आपटला. मी आभार मानले नाहीत. मैत्रिणीला म्हटलं, “कातडी आहे का म्हशीची! सुई वाकली माझी.”

सहा महिन्यांनी रक्ताचा भाग संपला. प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एक काच लावून ठेवली होती. एकेकाने यायचं, बघायचं, मधोमधची पेशी कुठली ते सांगायचं. मी पाहिलं आणि पाच जातींतलं एक नाव ठणकावून सांगितलं, “लिम्फोसाइट.” परीक्षकांनी मान हलवली, होकारार्थी की नकारार्थी ते कळेना. माझ्यामागून काका. त्यांनी डोळा लावला आणि तिथेच राहिले. लाभ नाही, दोन नाही.

“बोला,” परीक्षक म्हणाले.

“ही कच्ची पेशी हाय साहेब. मोठी व्हायच्या आधीच रक्तात आलीय.” मग नीट उच्चार करून म्हणाले, “ब्लास्ट. रक्ताचा कॅन्सर.”

“बरोबर. कुठे बघितली होतीत?”

“बघितली नव्हती,” काका म्हणाले. “चित्र बघून ठेवलं होतं.”

वर्गात ती काच ओळखणारे ते एकटे निघाले. मी आठवडाभर जळत होते. एका लाभवाल्याने मला मागे टाकलं होतं!

आणि गंमत म्हणजे त्यानंतर काका आलेच नाहीत. सोमवारपासून लघवीची तपासणी सुरू झाली. काकांचं स्टूल रिकामं. एक आठवडा झाला, दोन झाले. मॅडमनी फोन लावला, उचलला नाही. “लघवी बघायला लाजले असतील,” मी म्हटलं. वर्ग खो खो हसला. लॅब शांत झाली होती. माझे शंभर आता एका दमात पुरे होत.

तिसऱ्या आठवड्यात, दुपारी, पेणच्या एसटी स्टँडवर मी रोह्याच्या गाडीची वाट बघत होते. समोरून काका आले. एप्रन नव्हता, खिशाला पेनंही नव्हती. हातात साडीच्या दुकानाची पिशवी. माझ्या शेजारी बसले.

“तुलाच गाठायला आलो. तू यावेळी हितं असतेस ना.”

मला वाटलं, वह्या मागणार. तोंडावर नकार तयार ठेवला. त्यांनी पिशवीतून फाइल काढली आणि त्यातला एक कागद माझ्या हातात दिला. रक्ताचा रिपोर्ट होता. तीन वर्षांपूर्वीचा. नाव, सुमन हिराजी मोकल. वय सत्तेचाळीस.

“माझी मंडळी,” काका म्हणाले. “गावात शिबिर होतं. फुकाट तपासनी. दोन दिसांनी ह्यो कागद मीच घेऊन घरी आलो. इंग्रजी हाय, पन मी स्टोअरचा मानूस, अक्षरं वाचली मी. खाली लिवलंय बघ, पुन्हा तपासा म्हनून. तेवढ्यात स्टोअरचा वर्षाचा हिशेब आला. ती म्हनली, दमते जरा, पन बरी हाय मी. मी कागद पेटीत ठेवला. सात महिन्यांनी हिरड्यातनं रक्त यायला लागलं. मुंबईला नेली. तिथनं नाय आली.”

मी कागदावर डोळे खिळवून बसले.

“मुंबईच्या डॉक्टरला मी ह्यो कागद दाखवला. इचारलं, ह्याच्यात दिसत होतं का? तो म्हनला, काका, आता ते जाऊ द्या, तुम्हाला कळनार नाय. तवा म्हनलं, कळून घेऊ.” त्यांनी चष्मा पुसला. “तू वर्गात सगळ्यात हुशार. खरं सांग गो. दिसत होतं का?”

हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक आठ. प्लेटलेट्स ब्याण्णव हजार. पांढऱ्या पेशी दोन हजार नऊशे. तीनही ओळी हव्यात त्यापेक्षा खाली. एक ओळ खाली असली तर शंभर कारणं असतात. तीनही खाली असल्या की कागद पेटीत ठेवायचा नसतो. हे मला कळत होतं, आणि ज्याने ती काच ओळखली त्याला कळत नसेल, असं मानायला मी तेवढी मूर्ख नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा मला बरोबर उत्तर आलं आणि ते देववेना.

“काका, हिमोग्लोबिन तर आपल्याकडे निम्म्या बायकांचं नऊच असतं,” मी म्हटलं.

“व्हय. आनि ही प्लेटलेट?”

“ते... रक्ताची गुठळी झाली असेल नळीत. गुठळी झाली की मशीन प्लेटलेट्स कमी मोजतं. मॅडमनी सांगितलं होतं ना?”

“सांगितलं होतं,” काका म्हणाले. “माझ्या वहीत हाय.”

“मग तेच. यात काही दिसत नव्हतं काका. कुणालाच दिसलं नसतं.”

काकांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि गुडघ्यावर ठेवून बघत राहिले. गुठळीने प्लेटलेट्स कमी दिसतात हे खरं, पण पांढऱ्या पेशी काही गुठळीने कमी होत नाहीत. हे पहिल्या महिन्यातलं पोरही सांगेल. काकांचा अंगठा नेमका त्या ओळीवर होता. त्यांनी तो काढला नाही, आणि मी काढायला सांगितलं नाही.

“गुठळीच असंल,” ते म्हणाले.

“हो काका.”

रोह्याची गाडी लागली. मी उठले. “उद्यापासून वर्गात या,” मी म्हटलं. एवढ्या महिन्यांत त्यांच्याशी सरळ तोंडाने बोललेलं हे माझं पहिलं वाक्य.

“बघू. घरी कोन हाय तुझी वाट बघायला?”

“आई.”

“मग जा, पुढची जागा धर. मागं लय आदळते.”

मी खिडकीशी बसले. स्टँडसमोर त्यांच्या गावाकडची विक्रम रिक्षा उभी होती, ड्रायव्हर गावाचं नाव घेऊन एकेक माणूस भरत होता. शेवटच्या जागेसाठी तो बराच थांबला. स्टँडकडे बघून त्याने “ओ काका!” अशी हाकही मारली. मग गाडी सुरू करून निघून गेला. काका फाइल मांडीवर घेऊन बाकावरच बसून राहिले.