गोच्या उलट कम

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांचं मराठीत नीट चाललं होतं. वाघ आला की 'वाघ आला' म्हणायचं आणि पळायचं. त्यात कोणाची काही अडचण नव्हती.

मग सिंहमहाराजांचा पुतण्या परदेशी सर्कशीतून सुट्टीवर आला. आपलं जंगल मागे पडलंय ते शब्दसंग्रहापायी, असं त्याने काकांना सांगितलं. महाराजांना पटलं. पुतण्याचं त्यांना नेहमीच पटायचं.

लगोलग दवंडी पिटली गेली. रोज एका जनावराने गुहेत यायचं. महाराज इंग्रजी शब्द विचारतील, त्याने विरुद्धार्थी शब्द सांगायचा. सगळे बरोबर आले तर पास, खुशाल घरी जायचं. एक जरी चुकला तरी जेवायला थांबायचं. जेवणात काय असायचं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

पूर्वी महाराजांना शिकारीमागे धाप लागेपर्यंत पळावं लागे. आता जनावरं आंघोळ करून, भांग पाडून, आपल्या पायांनी गुहेत येऊ लागली. शिक्षणाचे फायदे असे असतात.

तरसाने ताबडतोब क्लास काढला. तरस सर फी घेत नसत. नापास विद्यार्थ्यातलं जे उरेल ते सरांचं, एवढंच महाराजांशी ठरलेलं. त्यामुळे ते अगदी जीव ओतून शिकवत, असं काही मी म्हणणार नाही.

या क्लासला भिकाजी नावाचं एक भेकर जायचं. भिकाजी भित्रा, पण चिवट. चरताना त्याचं हॉट-कोल्ड चाले, रवंथ करताना बिग-स्मॉल. झोपेत तो "अप" म्हणून दचकायचा आणि त्याची बायको सगुणा कूस न बदलता "डाऊन" म्हणायची. तिला दिवस गेले होते. पाडस जन्मेल तेव्हा आपण घरी असावं, एवढंच भिकाजीला हवं होतं. बाकी इंग्रजीचं त्याला काडीचं प्रेम नव्हतं.

त्याची पाळी आली. महाराज आयाळ सावरून बसले. शेजारी तरस सर.

"रिच?"

"पुअर."

"स्ट्राँग?"

"वीक, महाराज."

"अलाइव्ह?"

"डेड."

एकही शब्द चुकला नाही. सरांचा चेहरा पडला.

"पास," महाराज नाइलाजाने म्हणाले. "गो."

भिकाजीला रडूच फुटलं. आनंदाच्या भरात तो पाठ केलेलं सगळं इंग्रजी विसरला. खाली वाकला आणि चांगल्या घरातलं भेकर निघताना जे म्हणतं तेच म्हणाला, "येतो, महाराज."

सरांचे कान उभे राहिले. "महाराज, तो कम म्हणतोय."

"आणि मी काय म्हणालो होतो?"

"गो."

"गोच्या उलट कम," महाराज कौतुकाने म्हणाले. "न विचारता सांगितलं पोराने. उत्तर बरोबर आहे. मग ये."

"महाराज, आपल्यात जाताना 'जातो' म्हणत नाहीत हो," भिकाजी चाचरत म्हणाला. "अशुभ असतं ते."

"परीक्षा इंग्रजीची आहे," महाराज म्हणाले आणि उठले.

संध्याकाळी तरस सर तोंड पुसत सगुणाकडे गेले. निकाल घरी जाऊन कळवायची त्यांची पद्धत होती.

"पास झाला. पैकीच्या पैकी."

"मग अजून कसे आले नाहीत?"

"निघाला होता की."

"निघताना काय म्हणाले?"

"'येतो' म्हणाला."

सगुणाचा जीव भांड्यात पडला. तिने सरांना बसायला सांगितलं, नवऱ्यासाठी कोवळा पाला बाजूला काढून ठेवला आणि ती वाटेकडे तोंड करून बसली. हे सांगताना मला बरं वाटत नाही, मुलांनो, पण ती बसली.

तात्पर्य: विरुद्धार्थी शब्द रोज पाठ करावेत. 'पास' आणि 'नापास' ही जोडी मात्र त्यातून गाळावी. ते समानार्थी शब्द आहेत.