अट विचारणारे सेलूकर

आमच्या कँटीनमध्ये ‘चहात साखर कमी टाका’ असं मोघम बोलायची सोय नाही. मागं सेलूकर उभे असले तर संपलंच. “कुणाच्या चहात?” ते लगेच विचारणार. “अट कुठंय? असं बोललात तर उद्यापासून तो सगळ्या कंपनीला फिका चहा पाजील!” रांग थांबते, चहा गार होतो, पण अट कळल्याशिवाय सेलूकर कुणाला पुढं सरकू देत नाहीत.

दिगंबर सेलूकर चिकलठाण्याला आमच्या पंपाच्या कारखान्यात डेटाबेस सांभाळतात. मी तिथंच पर्सोनेलला, वंदना. तोंडानं फटकळ आहे असं लोक म्हणतात, ते काही खोटं नाही. तर डेटाबेस म्हणजे कॉम्प्युटरमधली मोठाली टेबलं. एका ओळीत एक गिऱ्हाईक: नाव, पत्ता, गाव, फोन. कुणाचा पत्ता बदलला की ‘अपडेट’ची आज्ञा द्यायची. पण त्या आज्ञेला शेवटी अट जोडावी लागते, की बाबा रे, अमक्या नंबरच्या गिऱ्हाइकाचाच बदल. अट विसरलात तर टेबलातल्या झाडून सगळ्या ओळी बदलतात. कॉम्प्युटर ‘नक्की का?’ म्हणूनसुद्धा विचारत नाही.

म्हणून सेलूकरांची एक रीत आहे. बदलायच्या आधी तीच अट लावून नुसतं बघायचं, कोणकोणत्या ओळी येतात ते. मग बदलायचं. परत बघायचं. पटलं तर ‘कमिट’, म्हणजे पक्कं. नाही पटलं तर ‘रोलबॅक’, म्हणजे काही घडलंच नाही असं समजून होतं तिथं मागं. कामात ठीक आहे हो, पण हा माणूस भाजी घेतानाही तेच करतो! जुडी निवडतो, पिशवीत टाकतो, बाहेर काढून उलटसुलट बघतो आणि मग म्हणतो, “हं, कमिट.” भाजीवाली वैतागते. “लेना हो तो लेव चचा, नक्को तो रख देव!”

आणि चूक दिसली की यांना चैन म्हणून पडत नाही. माझ्या भाचीच्या लग्नात दारावरच्या बोर्डावर नवरदेवाचं आडनाव चुकलं होतं. सगळे पंगतीला बसले आणि हे खुर्चीवर चढून थर्माकोलची अक्षरं उपटत बसले. व्याही मला विचारायला लागले, “हा डेकोरेशनवाला अजून गेला नाही का?” मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आमच्या शहराचं नाव बदललं तेव्हा टेबलातले सगळे पत्तेही बदलायचे होते. साहेब म्हणाले, “एक लाईन का काम है, सेलूकर. औरंगाबाद काढा, छत्रपती संभाजीनगर टाका.” सेलूकरांनी रीतीप्रमाणं आधी बघितलं, तर त्यात बिहारमधल्या औरंगाबादचे डीलर निघाले. “साहेब, यांचे पंप इथं आणून काय मोंढ्याच्या बाजारात मांडायचेत?” मग त्यांनी अटीत राज्य घातलं, पिनकोड घातला, शिव्या खाल्ल्या आणि सावकाश काम केलं.

पुण्याच्या हेड ऑफिसनं मात्र त्यांच्या टेबलात तेच काम चहा पिता पिता उरकलं. अट विसरून! एका दणक्यात कोल्हापूरपासून कोलकात्यापर्यंतचं प्रत्येक गिऱ्हाईक आमच्या शहराचं रहिवासी झालं, आणि पत्ते सापडेनात म्हणून गाड्या भरभरून पंप आमच्या गेटावर यायला लागले. तेव्हा पुण्याला सेलूकर आठवले. सहा महिने इकडं या, सगळं निस्तरा, मॅनेजर करतो, फ्लॅट देतो. सेलूकर म्हणाले, “जमणार नाही.” का, ते सांगेनात. साहेब भडकले. “नाही गेला तर इथंही यायची गरज नाही, सांगा त्याला,” असं म्हणून समजूत घालायला मला पिटाळलं.

संध्याकाळी स्कूटीवरून पडेगावला त्यांच्या घरी गेले. मनात चांगलं खरमरीत भाषण तयार होतं. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. नीट चापूनचोपून नेसलेली साडी, हसरा चेहरा. “या ना. आमचे हे जालन्याला गेलेत कामाला. येतीलच इतक्यात.”

बघते तर सेलूकर आत बसलेले! दाराजवळच्या खुर्चीत, पाहुण्यासारखे अवघडून.

“अहो वहिनी, हे काय, हेच तर...”

सेलूकरांनी अशी काही मान हलवली की माझं तोंड आपोआप मिटलं. “निघालेत ते, वहिनी,” ते बायकोला म्हणाले. “पोचतील.” स्वतःच्या बायकोला वहिनी!

त्या पाणी आणायला आत गेल्या, तसे सेलूकर हळूच बोलायला लागले. “विसरायचा आजार आहे. आधी गावं गेली, मग माणसं. आता मी गेलो. एकदा सांगून बघितलं, अगं, मीच तो. परका माणूस घरात घुसून काय बोलतोय म्हणून थरथर कापायला लागली हो. तेव्हापासून कानाला खडा. आता तिच्या लेखी मी तिच्या ‘ह्यांचा’ मित्र. दिवसा एक बाई असते, पण दिवे लागले की हिला घोर लागतो. तेव्हा ‘निघालेत’ असं सांगणारं कुणी नको का, वंदनाताई?”

“आणि रात्री?”

“फोन आला, मुक्काम पडला, असं सांगतो. मग शांत झोपते. ती झोपली की मी जेवतो.”

माझं भाषण तिथंच रोलबॅक झालं. दुसऱ्याच्या लग्नातलं चुकलेलं आडनाव ज्याला सोसत नाही, तो माणूस घरात स्वतःच पुसला गेला होता, आणि ती चूक जपत होता. मला रडू आलं. लपवलं नाही मी.

“नोकरी गेली तर?”

“गेली तर गेली. मी इथून हलत नसतो.” आवाज चढला नाही, पण पुढं बोलायची सोयही ठेवली नाही.

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. “सेलूकर पुण्याला जाणार नाहीत. पुण्याचं टेबल इथं मागवा, ते इथं बसून दुरुस्त करतील. जमत नसेल तर गेटावरचे पंप उद्या तुमच्या बंगल्यावर उतरवते.” साहेब आधी ओरडले, मग म्हणाले, “ठीक आहे बाई, मागवतो.”

पाणी पिऊन मी निघाले. वहिनी दारापर्यंत आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “हे गृहस्थ लई चांगले आहेत बघा. रोज येतात, माझ्यापाशी बसतात. त्यांना घरी कुणी नाही वाटतं.” मग आत वळून मोठ्यानं म्हणाल्या, “भाऊजी, ह्यांची वाट किती बघायची? आज तुम्ही माझ्यासंगं जेवूनच जा. पिठलं-भाकरी आहे.”

सेलूकर ताडकन उभे राहिले. कानापर्यंत लाल झाले होते.

“जेवतो की, वहिनी,” ते म्हणाले. मग स्वतःच्याच स्वयंपाकघराच्या दारात जाऊन थांबले आणि हळूच विचारलं, “ताटं कुठं असतात हो?”