चकचकीत पेडल

"आमच्या घरच्यांची गाडी रेषेच्या इंचभर पुढे गेली ना, तर शाळेला कुलूप लावीन!" मास्तर सकाळपासून भेटेल त्याला ऐकवत होते.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणाऱ्या शाळेचे मालक, शिक्षक आणि एकुलते एक कर्मचारी. 'वेग दुप्पट, तर थांबायला जागा चौपट!' असं त्यांनी शाळेच्या पाटीवर स्वतःच्या हातानं रंगवलं होतं. हे ते विद्यार्थ्यांना सांगत, दाढी करता करता न्हाव्याला सांगत, आणि मुलगी जिन्यावरून धडधडत उतरली की तिलाही सोडत नसत.

एवढं असून त्यांची बायको परीक्षेत दोनदा नापास झाली होती, आणि दोन्ही वेळा मास्तरांच्याच कृपेनं! मैदानाच्या कडेला उभे राहून ते "क्लच! अगं, क्लच दाब!" असं बोंबलत, आणि परीक्षा घेणारे साहेब 'बाहेरून मदत' असा शेरा मारून मोकळे होत. आज मात्र तसं होऊन चालणार नव्हतं. वाचनालयाची फिरती पुस्तकगाडी चालवायची नोकरी तिला मिळाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं, पण लायसन्स हातात असेल तरच! इतकी वर्षं नवऱ्याच्या शेजारी बसून तिनं रस्ते पाहिले होते. आता तिला ते स्वतःच्या हातानं कापायचे होते, आणि ही इच्छा तिनं कुणापासून लपवलीही नव्हती.

"अहो, आज तोंड उघडायचं नाही," तिनं परीक्षेच्या मैदानावर गाडीतून उतरतानाच बजावलं.

"एक शब्दही नाही?"

"हूं नाही की चूं नाही. खोकला आला तर घरी जाऊन खोका."

मास्तरांनी मान डोलावली. ती कागद दाखवायला रांगेत गेली आणि मास्तरांचे हात शिवशिवायला लागले. बोलायचं नाही म्हटल्यावर माणसानं करायचं तरी काय? त्यांनी डिकीतून पॉलिशची बाटली काढली आणि गाडी पुसायला घेतली. डॅशबोर्ड झाला, दरवाजे झाले, टायर झाले. तरी बाटलीत थोडं उरलं. मास्तरांना काही वाया गेलेलं खपत नसे. मग त्यांनी वाकून आतली पेडलंही घासली. तिच्या बाजूची तर घासलीच, पण शिकवणाऱ्याच्या बाजूला जो जादा ब्रेक असतो, त्यालाही दोन हात जास्तच लावले!

पाळी आली. ती स्टिअरिंगवर बसली. साहेब शेजारी बसले आणि खाली बघून खूश झाले.

"वा मास्तर! पेडलंसुद्धा आरशासारखी!"

पॉलिश! पेडलवर! टायरवर! सगळ्या गावाला घर्षणाचं महत्त्व पटवणाऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं घर्षण पुसून काढलं होतं! त्यांनी "अहो साहेब" म्हणायला तोंड उघडलं.

"मास्तर!" साहेबांनी बोट नाचवलं. "आज बाहेरून एक शब्द आला, तर परीक्षा तिथंच रद्द."

बायकोनं असं काही पाहिलं की मास्तरांचं तोंड आपोआप मिटलं. गाडी निघाली.

मास्तरांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. गाडी रेषेवर थांबत नाही, हे नक्की. मग पुढे काय आहे? पुढे साहेबांची नवीकोरी मोटारसायकल उभी होती! मास्तर धोतर पेटल्यासारखे धावले. मोटारसायकल ढकलायला गेले, तर हँडल लॉक!

"आता जरा वेग घ्या आणि रेषेवर थांबवा," गाडीत साहेब म्हणाले.

तिनं वेग घेतला. रेष आली. तिनं ब्रेकवर पाय दिला आणि पाय सर्रकन घसरून बाजूला गेला!

"थांबवा!"

"घसरतोय पाय!"

"मी थांबवतो!" म्हणत साहेबांनी जादा ब्रेकवर बूट मारला. तोही घसरला, आणि साहेब निम्मे सीटखाली गेले.

समोर मास्तर मोटारसायकलपुढे हात पसरून उभे होते. तोंड मिटलेलं, डोळे बाहेर आलेले. बायकोला क्षणभर वाटलं, आता हा माणूस हातवारे करून मला तिसऱ्यांदा नापास करणार! तिला इतका संताप आला की भीती वाटायची राहूनच गेली. तिनं गिअर उतरवला, हँडब्रेक हळूहळू ओढला, आणि गाडी गुळगुळीत डांबरावरून कडेच्या खडीत घातली. खडी करकरली, चाकं रुतली, गाडी थांबली.

मास्तरांना मात्र हे दिसलं नाही. त्यांनी डोळे घट्ट मिटून, मागे वळून उडी मारली होती, आणि मोटारसायकलला कवेत घेऊनच ते आडवे झाले होते. धाडकन!

साहेब सीटखालून वर आले. "बाई, ब्रेक नसताना गाडी थांबवलीत! पास!" मग त्यांची नजर पुढे गेली. "आणि माझी मोटारसायकल कुणी पाडली?"

मास्तर आरशाचा तुकडा हातात घेऊन उठले.

"अहो, आता बोला की!" बायको म्हणाली.

"बाटलीत थोडं उरलं होतं..." मास्तर पुटपुटले.

पेडलं साबणानं खरवडून धुतल्यावर ती गाडी घेऊन घरी निघाली. मास्तर सवयीनं शेजारी बसायला गेले.

"मागे बसा."

ते मागे बसले. पहिल्याच सिग्नलला तिनं गाडी अलगद, बरोबर रेषेवर उभी केली. मागून धप्प असा आवाज आला.

"अहो, पाय आपटू नका," आरशात न बघताच ती म्हणाली. "तिथं ब्रेक नाहीये."