राबातला मजकूर

आमचे बाळारामदादा चहासुद्धा एकदम पीत नाहीत. आधी बशीत घोटभर ओततात, जिभेला लावतात, छताकडे बघत विचार करतात आणि मग निकाल देतात, "चालंल. जाऊ दे आवणीला." तोवर कपातला चहा निवलेला असतो, पण त्याचं त्यांना काही नाही.

आवणी म्हणजे भाताची लावणी. आमच्या मुरबाड-शहापुरात आधी राबात रोप वाढवतात आणि मग ते उपटून खाचरात लावतात. दादांनी हीच रीत आमच्या कॉलेजच्या वेबसाइटला लावली. ते मूळचे ग्रंथालयातले कारकून. वेबसाइट त्यांच्या गळ्यात पडली, कारण दुसरं कोणी ती घेईना. तिची एक चाचणीची प्रत त्यांच्याकडे असते, जगाला न दिसणारी. तो त्यांचा राब. तिथलं पान तपासून खऱ्या साइटवर नेलं की आवणी झाली. सूचना असो नाहीतर श्रद्धांजली, आधी राबात रुजणार. एका परीक्षेचं वेळापत्रक इतकं छान रुजलं की ते साइटवर आलं तेव्हा पोरं परीक्षा देऊन घरी गेली होती.

मी शेजारच्या टेबलावर टायपिंगला. घाई केली की मला म्हणत, "रोप वर वडून वाढतं का गो?"

बोलण्याचीही तीच तऱ्हा. साहेबांपुढे जायचं तर वाक्य आधी माझ्यावर करून बघत. "सर, मला दुपारची रजा पायजे. कसं वाटतंय? उर्मट नाय ना वाटत?"

"नाय दादा, केविलवाणं वाटतंय."

मग सुधारून पुन्हा. या सुधारणांत दुपार उलटून जाई आणि रजेची गरजच उरत नसे.

राबात पान कसं दिसतंय हे पाहायला रिकाम्या जागी काहीतरी मजकूर भरावा लागतो. लोक अगडमबगडम काहीही टाकतात. दादा घरचं लिहीत. 'आज टोकावड्याला एसटी थांबलीच नाय.' 'मांजर व्याली, तीन पिल्लं.' मग मला बोलावून विचारत, "अक्षर बारीक वाटतंय का?" मी अक्षराचं तेवढं सांगून परत जागेवर जायची.

सुमनवहिनी, त्यांची बायको, मागच्या वर्षी गेल्या. मुलगा बंगळुरूला. टोकावड्याच्या घरी दादा एकटेच. ऑफिसात त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही, पण साइटसमोर आधीच्या दुप्पट बसू लागले. आणि नेमकी तीच जायची वेळ आली. नव्या प्राचार्यांना कल्याणची एक कंपनी पसंत पडली होती. "बाळाराम, आता एक जरी चूक दिसली, तर साइट त्यांच्याकडे," असं त्यांनी सगळ्यांदेखत बजावलं. दादांचा चेहरा एवढासा झाला. त्यांच्याकडे दुसरं उरलंच काय होतं?

पुढल्याच शुक्रवारी प्राचार्यांचं मनोगत साइटवर चढवायचं होतं. संध्याकाळी दादांनी बटण दाबलं आणि आम्ही आपापल्या घरी गेलो. शनिवार-रविवार सुट्टी. सोमवारी सकाळी प्राचार्यांच्या केबिनमधून जी आरडाओरड सुरू झाली, ती थेट बसस्टँडपर्यंत गेली असेल. मनोगताऐवजी राबातलं, दादांच्या घरच्या मजकुराचंच पान वर गेलं होतं. टाय लावलेल्या प्राचार्यांचा फोटो आणि त्याखाली हे:

'आज वालाचं बिरडं केलं. दोघांचं झालं. हात अजून तिच्या मापानंच वाल घेतो. चव बरी असावी. पण विचारायचं कुणाला?'

ऑफिसची हसून मुरकुंडी वळली. "सरांच्या डब्यात आज बिरडंच आसंल," शिपाई म्हणाला. मीही हसले. मग पुन्हा एकदा वाचलं आणि ते पान बंद केलं.

दुपारी साइट कल्याणला गेली. दादा त्यांच्या टेबलाशी उगाच स्क्रीन पुसत बसले होते. मला त्यांचा राग आला होता आणि दयाही येत होती.

"दादा, दहा दहा वेळा तपासता तुमी. मग हे गेलं कसं?"

"चुकून गेलं. शनवारी सकाळीच कळलं मला."

"शनिवारी? घरी लॅपटॉप हाय ना तुमचा? मग काढलंत का नाय? साइट जाईल, म्हायती होतं ना?"

"होतं की." त्यांनी फडक्याची घडी घातली, मोडली. "काढायलाच बसलेलो गो. मग वाटलं, ऱ्हाऊ दे. पानाखाली माझा मोबाइल नंबर हाय. कोनीतरी वाचंल, फोन करील. शिव्या घालायला का व्हईना."

मला फार वाईट वाटलं. मी विचारलं, "आला का कोणाचा?"

"काल एक आलावता. राँग नंबर. ओतूरकडचा कोन ट्रॅक्टरवाला." दादा त्या दिवशी पहिल्यांदा हसले. "भला मानूस. ठेवताना म्हनाला, काका, जेवलात का?"