गॅसवर तपासलेला सेन्सर

आधीच सांगतो, हे नववीतून शाळा सोडलेल्या माणसानं लिहिलंय. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. शब्दही घरात बोलतो तेच आहेत.

विद्यापीठाचं नाव बदलून दहाएक वर्षं झाली होती अन् शेंद्र्याला कारखान्यांवर कारखाने उभे राहत होते, तेव्हाची गोष्ट. आमच्या शेजारचा मुंजाबा तिथंच कामाला. त्याचे सासरे साहेबराव पाचोडहून जुनी मोटार घेऊन लेकीकडं आले ते काळा धूर सोडतच. समोर इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला. गॅरेजवाले नूरमोहम्मद म्हणाले, "ऑक्सिजन सेन्सर गया होगा. धूर पारखणारा पार्ट हाय. नवा टाकावा लागंल."

"होगा म्हंजी? नक्की नाय?" साहेबराव म्हणाले.

मुंजाबा चारचौघांत तोंड न उघडणारा. (सासऱ्यांपुढं खोकला आला तर बाहेर जाऊन खोकायचा.) पण त्या दिवशी बोलून गेला, "मामा, मी तपासतो. उगं नवा कशाला?"

लग्नानंतर सासऱ्यांनी पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट पाहिलं.

नूरमोहम्मदनं सेन्सर खोलून दिला, मीटर दिला, रीतही सांगितली. टोक जाळावर धरायचं. काटा चढला तर माल चांगला. घरात जाळ म्हणजे गॅसची शेगडी. बायकोनं, बानाबाईनं, भाकरीचा तवा उतरवला. "अवो, ह्याला मीठ किती घालू?"

मुंजाबानं सेन्सर सांडशीत धरला. टोक लाल झालं. काटा चढला.

"मामा, चांगला हाय."

"व्हय," साहेबराव लेकीला म्हणाले, "कंपनीतला माणूस हाय. उगं नाय."

एवढं कौतुक मुंजाबाला सोसलं नाही. कंपनीत दिवसभर लाल लोखंड पाण्यात बुडवायची सवय असलेला त्याचा हात आपसूक वळला अन् सेन्सर सासऱ्यांच्या पाण्याच्या तांब्यात गेला. चर्र झालं. मग आत काहीतरी बारीक तडकलं. त्यानं तो परत जाळावर धरला. काटा हलेना.

"आता?" साहेबरावांनी विचारलं.

"आता खराब हाय."

बानाबाईनं पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंजाबानं पदरमोड करून नवा सेन्सर आणला अन् बसवला. मोटार चालू केली. काळा धूर, पिवळा दिवा, सगळं जिथल्या तिथं.

"ऱ्हाऊ द्या, जावईबापू," साहेबराव टोपी नीट करत म्हणाले. "मी यष्टीनं जातो."

मुंजाबा त्यांना सायकलवर डबलसीट घेऊन फाट्याकडं निघाला. उतार लागला तसं मागून सासऱ्यांनी हळूच विचारलं, "हिचे ब्रेक तुमीच तपासले का?"

मुंजाबा खाली उतरला अन् फाट्यापर्यंत सायकल ढकलत गेला.