शेणव्याची फारसी

शेणवे गावच्या सखारामतात्यांच्या बैलांना मराठी कळत नसे. माझ्या बाकीच्या गोष्टींत थोडं तिखटमीठ असतं, हे मी नाकारत नाही. ही मात्र निखळ खरी. 'चल' म्हटलं की ती जोडी उभी राही आणि 'थांब' म्हटलं की शेपट्या हलवी. तात्या घशाच्या तळातून, माशाचा काटा अडकल्यासारखा एक आवाज काढत, तेव्हा कुठे गाडी हले. एकदा ती जोडी चोरीला गेली. तिसऱ्या दिवशी चोराने स्वतःच ती आणून दारात बांधली आणि वर दोन नवी दावी ठेवून गेला. तीन दिवसांत बैल सात पावलं चालले होते म्हणे.

"फारसी हाय ती, मास्तर," तात्या मला सांगत. "दरबारची भाषा. बैलाच्यापण अंगात रुबाब येतो."

मी शेणव्याच्या शाळेचा एकमेव मास्तर. टपाल आणि खडू आणायला दर बाजाराच्या दिवशी मला शहापूर गाठावं लागे आणि त्या वाटेने हमखास जाणारी गाडी तात्यांचीच. जायला तीन तास, यायला तीन तास. असे आठवड्यातले सहा तास मी फारसीच्या कोठडीत काढत असे. खुद्द तात्यांना मराठी लिहिता येत नव्हतं. सहीच्या वेळी अंगठा पुढे येई. पण जीभ अशी चाले की वाटेतल्या करवंदीच्या जाळ्यांनाही फारसी फुटावी.

"मास्तर, बाजार हा शबुद आपला नाय. पावना हाय."

"बरं."

"जमीन पावनी. दरवाजा पावना. तुमच्या खिशातला रुमाल पावना."

"मग आपलं काय राहिलं, तात्या?"

"पावन्यांना ठेवून घ्यायची रीत," तात्या शांतपणे म्हणाले आणि बैलांशी काहीतरी बोलले. बैलांनी माना डोलावल्या. निदान मला तसं दिसलं.

भाषा म्हणजे त्यांच्या मते भावकी. "बघा, आमचा पाच तो त्यांचा पंज. आमचा दहा तो त्यांचा दह. सुरतेचा व्यापारी साताला हात म्हणतो, आन इराणी सप्त्याला हप्ता म्हणतो. मराठी, गुजराती, फारसी, सगळी एका खळ्यावरची मानसं. वाटण्या झाल्या, तोंडं फिरली. पर नाकं बघा, तीच हायत." हे मी मुकाट्याने ऐकलं तर तात्या पुन्हा सांगत आणि कबूल केलं तर आणखी पुरावे देत. वाद घालायची सोय तर मुळीच नव्हती, कारण त्यांच्या बाजूला बैल होते.

एके दिवशी शाळेत दिपोटी इन्स्पेक्टर तपासणीला आले. मी पहिलीला उजळणी म्हणायला सांगितली. पोरं चारपर्यंत सरळ आली आणि मग सगळ्या वर्गाने छपराची कौलं हलतील अशा आवाजात 'पंज' म्हटलं. मधल्या सुट्टीत तात्या पोरांना बोरं वाटायला येत, ती काही नुसती बोरं नव्हती, हे मला तेव्हा कळलं. 'येथे मुलांना काय शिकवितात याचा उलगडा झाला नाही,' असा शेरा दिपोटींनी लिहिला. तो शेरा सांभाळून मी पुढे नोकरी कशी केली, हे माझं मला ठाऊक.

तात्यांचे गुरू म्हणजे शहापुरात आग्रा रस्त्यावर चहाचं हॉटेल चालवणारे बहरामशेठ इराणी. माणूस उंच, गोरा, आणि भिंतीवरच्या बंद घड्याळाइतका अबोल. गिऱ्हाइकाशी हिंदीत दोन शब्द बोलला तर त्याने नशीब समजावं. पण तात्या आत शिरले की तो गल्ला सोडून येई, संगमरवरी टेबल पुसे, आणि मग दोघांचं जे सुरू होई ते दोन तास. मी बाहेरच्या बाकावर बसून तिसरा चहा पीत दात खात असे.

शेवटी मी एकदा वाटेतच विचारलं, "तात्या, पंचावन्न वर्षांच्या माणसाला ही कसली हौस?"

नदीच्या उताराला त्यांनी आधी कासरा आवळून गाडी खाली घेतली. मग म्हणाले, "दाम्या तिकडं हाय ना."

दामू हा त्यांचा एकुलता एक मुलगा. नांगर धरण्यावरून बापाशी भांडला, कुठेतरी फिटरकी शिकला, आणि थेट इराणात आबादानच्या तेलाच्या कारखान्यात नोकरीला गेला, एवढं गावाला माहीत होतं. वर्षभरात त्याचं पत्र नव्हतं, हे माहीत नव्हतं.

"मी जानार त्याला आनाया," तात्या म्हणाले. "बोटीतनं उतरलो का कुनाला तरी इचारावं लागंल ना, माजा पोरगा कुठं हाय. हातवारे करून पानी मागता येतं, मास्तर. पोरगा नाय मागता येत."

त्या दिवसापासून मी तिसऱ्या चहावर दात खाणं थोडं कमी केलं. पूर्ण बंद केलं असं म्हणणार नाही.

मग लढाई लागली. तिकडे जाणाऱ्या बोटी साध्या उतारूंना मिळेनाशा झाल्या. दामूचंही चार ओळींचं पत्र आलं: मी बरा आहे, लढाई संपेतो सुट्टी नाही, येऊ नये. मला वाईट वाटलं, पण मनाच्या एका कोपऱ्यात, आता ही फारसी सुटेल, असा एक लबाड विचारही आला. कसली सुटते! पुढच्या बाजारी तात्या गाडी जुंपून दारात हजर. त्याच्या पुढच्याही.

असाच एकदा चाकाला लोखंडी धाव बसवून घ्यायला तात्या लोहाराकडे गेले असताना बहरामशेठ बाहेर येऊन माझ्या बाकावर बसला.

"मास्टर, एक बात बोलना है. तात्याको हम फारसी नहीं सिखाया."

मी कप खाली ठेवला.

"हम इराणमें यज्दबाजूका गाववाला. हमारा अग्यारीवाला लोग बाजारमें फारसी बोलता, घरमें अलग बोली. तात्याको हम घरका बोली सिखाया. आबादानमें कोई नहीं समझेगा."

म्हणजे मुंबईला उतरलेल्या परदेशी माणसाला सिद्धगडाच्या रानातली बोली शिकवून पुण्याच्या सभेत भाषणाला उभं करावं, तसं हे झालं. दोन वर्षं मी जी फारसी सोसली, ती फारसीच नव्हती. माझं डोकं असं तापलं की त्यावर शेठला दुधाचं पातेलं ठेवता आलं असतं.

"का पण, शेठ?"

तो टेबल पुसायच्या फडक्याची हातातल्या हातात घडी घालत राहिला. "पहिला दिन वो पूछा, पानीको क्या बोलता. हमारे मूंसे घरका शब्द निकल गया. औरत गुजर गया तबसे आठ साल वो शब्द हम किसीके मूंसे सुना नहीं था. तात्या बोला. फिर हमसे रुका नहीं गया." मग फडकं खांद्यावर टाकून म्हणाला, "तुम बोलो उसको. हमसे नहीं होगा."

परतीच्या वाटेवर मी सगळं सांगून टाकलं. जरा चढ्या आवाजातच. तात्यांनी कासरा सैल सोडला.

"ठाव हाय," ते म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"म्हशाच्या जत्रंला गेलतो मुरबाडकडं, पौषात. चाकूवाले इराणी आलते. त्यांच्याशी बराच येळ बोललो. दहातले दोन शबुद कळले त्यांना. येडा समजून एक चाकू तसाच दिला मला."

"पौषात? तात्या, त्याला सहा महिने झाले. मग अजून कशाला जाता त्याच्याकडे?"

तात्यांनी सैल सोडलेला कासरा पुन्हा हातात घेतला.

"आबादानात दाम्याशी शेणव्याचं बोलाया कोन हाय, मास्तर? कोन नाय. दिसभर दुसऱ्याच्या बोलीत काम करायचं, आन राती गप पडायचं. मी तिकडं जाऊ शकत नाय. हितं बहराम तसाच बसलाय. त्याच्याशी बोलतो मी. तिकडंबी कोनी म्हातारा आसंल, दाम्याशी त्याच्या बोलीत बोलनारा." त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाले, "मला कळलंय ते त्याला सांगू नका. लाजंल तो. शिकवनं बंद करंल."

पुढच्या बाजारी तात्या गाडी सोडत असताना बहरामशेठ उंबऱ्यातच उभा होता.

"बोला उसको?"

पोरांना खोटं बोलू नये म्हणून शिकवणारा मी. "नाही जमलं, शेठ," मी म्हणालो. "तुम्ही आपलं चालू ठेवा."

त्याने आत जाऊन टेबल पुसलं. त्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर न बसता आत, त्यांच्या शेजारच्या टेबलाशी बसलो. मला शब्द कळत नव्हता, पण तात्या शेतीचं सांगत होते हे कळत होतं. ते वाकून, उजव्या हाताची बोटं टेबलावर टेकवत, एकेक रोप चिखलात लावत मागे सरकत होते. मग अडले. आवणीला त्या बोलीत काय म्हणतात, हे हाताने विचारू लागले.

यज्दकडे भात लावत नाहीत. बहरामशेठने पुष्कळ आठवून पाहिलं, मान हलवली, आणि मग टेबलाच्या त्या संगमरवरावर आपलीही बोटं टेकवत हळूच विचारलं, "तुम क्या बोलता?"

"आवनी," तात्या म्हणाले.

"आवनी," बहरामशेठ म्हणाला, आणि तोच शब्द आपल्या घरच्या वाक्यात घालून त्याने पुढे बोलायला सुरुवात केली.