उंबऱ्याच्या आत मराठी

मराठी माणसाचा खरा निरोप दारात होतो. निम्म्या गप्पा सोफ्यावर होतात, आणि उरलेल्या, म्हणजे महत्त्वाच्या, चपला घालून झाल्यावर. सबनीसांच्या दारात मात्र हे सुख नाही, कारण त्यांचा नियम आहे: उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर जर्मन. मी बूट घालून जिन्यात आलो की ते आत उभे राहून मराठीत विचारतात, "मग, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी?" मी बाहेर असल्यामुळे मला जर्मनमध्ये उत्तर देणं भाग असतं. मोतीबिंदूला जर्मनमध्ये काय म्हणतात ते मला अजून माहीत नाही. मग मी एक पाय परत आत टाकतो, मराठीत उत्तर देतो, पाय बाहेर काढतो आणि 'चूस', म्हणजे जर्मन 'येतो', म्हणून सुटतो.

ते स्वतः हा नियम इतका कडक पाळतात की वाक्याच्या मध्येसुद्धा भाषा बदलते. वहिनींना "अगं, कचऱ्याची पिशवी कुठे ठेव..." असं विचारत ते बाहेर पडले, तर पिशवीचं पुढे काय झालं ते जर्मनमध्ये ऐकावं लागतं.

सबनीस मूळचे मिरजेचे. मेकॅनिकल इंजिनिअर, गिअरबॉक्सवाले. फ्रँकफर्टजवळ एश्बॉर्नला आमच्याच इमारतीत माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. पंचवीसेक वर्षांपूर्वी आले आणि आता पासपोर्टानं जर्मन आहेत. पहिल्या भेटीत मी लाडानं "काका" म्हटलं, तर म्हणाले, "काका मिरजेत. इथे हेर सबनीस." हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत. मी पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. माझं जर्मन बेकरीपुरतं. पाव मागता येतो, पण 'कसला पाव?' असं उलट विचारलं की बोट दाखवावं लागतं. सबनीसांनी माझं निदान फार लवकर केलं. "तू इथे कायदेशीर आहेस," ते म्हणाले, "पण मुका आहेस."

या माणसाचा जीव दोन गोष्टींत आहे: गिअर आणि बेकायदा स्थलांतर. गिअरबद्दल ऐकून घेणारं कोणी मिळत नाही, म्हणून दुसऱ्या विषयावर आम्हाला ऐकावं लागतं. रविवारी दुपारी त्यांच्या बाल्कनीत हा वाद भरतो. मी वहिनींच्या भज्यांसाठी जातो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

"कोर्टानं नाही म्हटलं. अपील केलं. तेही फेटाळलं. आल्झो, मग काय? परत जायचं!" सबनीस टेबलावर चमचा आपटत म्हणतात. "नाही गेला, तर सरकारनं नेऊन सोडायचं. नियम आहे तो, सूचना नव्हे."

'नियम आहे, सूचना नव्हे' हे त्यांचं लाडकं वाक्य. कायद्यापासून ते भज्यांवर चिंच-गुळाची चटणी किती घ्यायची इथपर्यंत ते कुठेही चालतं.

समोर विरोधी पक्षात त्यांची मुलगी, ईशा. फ्रँकफर्टला कायदा शिकते आणि संध्याकाळी, कागदपत्रं धड नसलेल्या लोकांना जर्मन शिकवते. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. आता बाल्कनी घरात की घराबाहेर, यावर त्या घरात पूर्वी एकदा मोठा खल झाला होता. काचेच्या दाराची चौकट हाच उंबरा, असा निकाल खुद्द सबनीसांनी दिला आणि स्वतःचाच घात करून घेतला. कारण इथेच जन्मलेल्या, कायदा शिकणाऱ्या मुलीशी त्यांना जर्मनमध्ये भांडावं लागतं. माझ्या डोक्यावरून गेलेलं वहिनी आतून मराठीत पुरवतात. त्यांचं जर्मन सरकारी पत्रं वाचून वाढलेलं आहे. एखाद्याचा अर्ज नामंजूर करायचा असेल तर ते व्याकरणाची एक चूक न करता करतील, पण 'कार्टे, गप बस' त्यांना जर्मनमध्ये येत नाही. त्यामुळे हरायला लागले की ते उडी मारून आत जातात आणि काचेपलीकडून ओरडतात, "ये! आत ये, मग सांगतो!" ईशा आत जात नाही.

एकदा तिनं त्यांना पुरतं पकडलं. तिच्या वर्गातल्या एकाला परत जायचा हुकूम झाला होता. गाड्या दुरुस्त करतो, आणि जर्मन असं बोलतो की इथल्या लोकांनी शिकावं. "तो बेकायदा," ईशा म्हणाली, आणि तिनं माझ्याकडे बोट केलं. "आणि हा कायदेशीर. बाबा, भाषा शिकलीच पाहिजे म्हणतोस ना? मग दोघांतल्या कोणाला पाठवायचं?"

बापलेक दोघंही माझ्याकडे बघू लागले. मी भजं गिळलं.

सबनीस प्रामाणिक माणूस. त्यांनी बराच वेळ विचार केला. "कायद्यानं त्याला," ते शेवटी म्हणाले. माझ्याकडे बघून सुस्कारा टाकला. "पण मन म्हणतं, ह्याला."

आणखी एका रविवारी 'डुल्डुंग' नावाचा कागद निघाला. राहायचा हक्क तर नाही, पण तूर्तास हाकलत नाही, सहन करतो, असं सरकार ज्यावर लिहून देतं तो कागद. भज्यांचा घाणा उपसता उपसता वहिनी आतून म्हणाल्या, "मलाही देता येतो का हो तो? ह्यांच्या नावानं मी कधीच दिला असता." सबनीस म्हणाले, "गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', आणि मग त्यांना अर्थ लागला.

मागच्या वसंतात आक्का आल्या. सबनीसांची थोरली बहीण. सबनीस शाळेत असतानाच आईवडील गेले. आक्कांनी मिरजेच्या एका शाळेत क्लार्कची नोकरी धरली, भावाला इंजिनिअर केलं, आणि या सगळ्यात लग्न राहून गेलं. कोणी विचारलंच तर "वेळ झाला नाही," एवढंच म्हणतात. त्याआधीच्या थंडीत त्या न्हाणीघरात पडल्या. सकाळी दूधवाला येईपर्यंत तिथेच पडून होत्या. ही बातमी कळल्यावर सबनीस दोन रविवार बाल्कनीत आले नाहीत. मग आक्कांचा व्हिसा झाला. पाहुण्यांचा, तीन महिन्यांचा.

आक्कांनाही नियम लागू झाला. सबनीसांनी त्यांच्याकडून तीन जर्मन वाक्यं घोकून घेतली. आक्कांनी ती शहाण्या मुलीसारखी पाठ केली, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकल्यावर सगळ्यांशी खणखणीत मिरजेचं मराठी सुरू केलं. तळमजल्यावर बेकरबाई म्हणून एक म्हाताऱ्या जर्मन बाई राहतात. आठवड्याभरात दोघी अंगणातल्या बाकावर मटार सोलत बसलेल्या दिसायला लागल्या. ह्या मराठीत, त्या जर्मनमध्ये, तासन् तास.

"अगं, तुला कळतं काय त्यांचं?" सबनीसांनी हैराण होऊन विचारलं.

"त्यात न कळायला काय झालं? मुलगा हॉम्बुर्गला राहतो. तोंड दाखवत नाही. सून बरी आहे म्हणत होती."

सबनीस गुपचूप खाली जाऊन बेकरबाईंना विचारून आले. सगळं खरं होतं. मुलगा बाड हॉम्बुर्गला, आणि सून खरंच बरी. "पण ह्याला इंटिग्रेशन म्हणत नाहीत," ते मला जिन्यात म्हणाले. जर्मनमध्ये म्हणाले, आणि आवाजात जोर नव्हता.

रविवारी तर त्यांची त्रेधाच उडे. इथे रविवारी शांतता पाळायची असते, आणि आक्कांना दाण्याचं कूट नेमकं रविवारीच आठवे. खलबत्त्याचा पहिला ठोका पडला की सबनीस घोंगडी घेऊन स्वयंपाकघरात धावत. मी एकदा डोकावलो तर हा नियमांचा माणूस जमिनीवर उकिडवा बसून, खलाखाली चारपदरी घोंगडी धरून, "हळू गं आक्का, हळू," म्हणत होता. आक्का कुटत होत्या आणि मधूनच चिमूटभर कूट त्याच्या तोंडात टाकत होत्या.

बहिणीला इथे कायमचं आणायला कायद्यात रस्ता जवळजवळ नाहीच. नवरा-बायकोला आहे, लेकरांना आहे. सबनीसांनी कचेरीत विचारलं, दोन वकिलांना विचारलं. हे मला वहिनींनी सांगितलं. त्यांनी स्वतः कधी तोंडातून काढलं नाही. ते कळल्यापासून बाल्कनीतले वाद मला पूर्वीसारखे गमतीचे वाटेनात.

ईशालाही कुठून तरी कळलं असावं. एका रविवारी ती एकदम म्हणाली, "आणि आत्याचं काय?"

"आक्का पाहुणी आहे. मुदत संपली की जाणार."

"आणि नाही गेली तर?"

"तर बेकायदा."

"पोलिस आले तर?"

"दार उघडायचं," सबनीस म्हणाले. "नियम आहे, सूचना नव्हे."

आक्का आत मेथी निवडत होत्या. त्यांना जर्मन कळलं नसणार, पण 'आक्का' आणि 'पोलिझाय' एवढं पुरलं. "अरे, मला धरायला येतील तेव्हा चहा टाकायचा की कॉफी?" त्यांनी विचारलं. आम्ही सगळे हसलो. सबनीस उठून कुंड्यांना पाणी घालायला लागले. त्याच आठवड्यात त्यांनी आक्कांचं परतीचं तिकीट काढलं.

माझी गाडी मोठी म्हणून विमानतळावर मी घेऊन गेलो. सबनीस, ईशा आणि आक्का. वहिनींनी घरीच हातावर दही घालून, डोळे पुसून निरोप दिला होता. काउंटरवरच्या तरुण बाईनं आक्कांचा पासपोर्ट घेतला, पडद्यावर काहीतरी पाहिलं आणि हसून जर्मनमध्ये बोलायला लागली. विमानात जागेपेक्षा माणसं जास्त झाली होती. आजींना घाई नसेल तर ती त्यांना पुढच्या आठवड्यातल्या विमानात बसवून देणार होती. पासपोर्टातल्या व्हिसावर बोट ठेवून बाई म्हणाली, मुदत तर अजून चांगली शिल्लक आहे, काहीच अडचण नाही.

एवढं जर्मन मलाही कळलं.

"नाइन," सबनीसांनी साफ नकार दिला. बाईचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

ईशा वळून बापाकडे बघत राहिली. त्यांनी आम्हा सगळ्यांना मुदत संपत आली असं सांगितलं होतं, आणि मुदतीच्या बाबतीत सबनीसांची चूक होईल असं कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"काय म्हणाली रे ती?" आक्कांनी विचारलं.

"काही नाही. प्रवास सुखाचा होवो म्हणाली."

तेव्हा ईशा बोलली. भर विमानतळावर, मराठीत. शब्द शोधत, अडखळत. "आत्या, तू राहू शकतेस. अजून राहू शकतेस. बाबा खोटं सांगतो. आज जायला नको!"

"माहीत आहे गं," आक्का म्हणाल्या. "तारीख मला वाचता येते. जन्मभर शाळेचे दाखलेच लिहिलेत मी."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यानं तिकीट काढलं. म्हटलं, काहीतरी विचार करूनच काढलं असेल."

मग मात्र वाद पेटला. ईशा म्हणत होती, राहा. सबनीस म्हणत होते, ठरलं ते ठरलं. मी म्हटलं, आठवडा तर आठवडा, काय बिघडतं? आक्का म्हणाल्या, तुम्ही आधी ठरवा, मी बसते. बसायला त्या विमानतळाकडून मिळालेल्या ढकलखुर्चीतच होत्या. त्या बाईला काही कळेना. ती आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होती. शेवटी सबनीसांनी हातातली पिशवी खाली ठेवली. खांदे पाडून उभे राहिले, आणि मला वाटलं, आता हो म्हणणार. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात शेजारच्या काउंटरच्या रांगेतल्या एका सुटाबुटातल्या गृहस्थानं हात वर केला. त्याला काही घाई नव्हती, तो आपली जागा सोडायला तयार होता. बाईनं आनंदानं आम्हाला सांगितलं, प्रश्न सुटला, आजी आजच जाऊ शकतात.

आक्कांनी भावाला खाली वाकायला लावलं आणि त्याच्या गालावरून हात फिरवला. "दुपारचा डबा सोडू नकोस. आणि पोरीशी भांडताना आत पळत जाऊ नकोस, वाईट दिसतं," म्हणाल्या. मग ढकलखुर्चीवाल्या माणसाला मराठीत "चला" म्हणाल्या, आणि तो निघाला.

त्या दिसेनाशा झाल्यावर ईशानं विचारलं, "का, बाबा?"

सबनीसांनी चष्मा काढून पुसला. परत घातला. "शेवटच्या दिवसापर्यंत ठेवून घेतली असती ना, तर मी तिला पाठवलंच नसतं," ते म्हणाले. मराठीत, चांगलं मोठ्यानं. "आतल्या खोलीत ठेवली असती. पोलिस आले असते तर दारात उभा राहून खोटं बोललो असतो. स्वच्छ जर्मनमध्ये. मुदत बाकी होती तोवरच मला तिला पाठवणं जमणार होतं."

"पण मी तेच सांगते ना तुला!" ईशा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "इतके दिवस! ती माणसं..."

"ती माणसं कशी असतात ते मला चांगलं माहीत आहे गं," सबनीस म्हणाले. "माझ्यासारखीच असतात. म्हणून तर मला त्यांची भीती वाटते."

ईशाकडे उत्तर होतं. तिच्या तोंडावर ते दिसत होतं. पण तिनं ते दिलं नाही. बापाचा हात धरून, आक्का गेल्या त्या दाराकडे बघत ती उभी राहिली, आणि मी गाडी आणायला गेलो.